राखेच्या भरावावर ले-आउट नको

महोदय,

चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या गावालगत औष्णिक वीज प्रकल्पातील कोळशाच्या राखेने बुजवलेल्या खोलगट जागेवर वीतभर मुरूम पसरून निवासी ले-आउट पाडण्याचा घाट घातला जात आहे. त्याला ग्रामस्थांचा ठाम विरोध आहे. पहिल्याच मोठ्या पावसात मुरूम वाहून जातो, खालची करडी राख उघडी पडते आणि शेजारच्या विहिरीवर तिचा तवंग येतो. कोळशातील आर्सेनिक, शिसे यांसारखी द्रव्ये जळून नाहीशी होत नाहीत, ती राखेत उरतात व पाण्यासोबत झिरपू शकतात. केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेने सखल जागा भरण्यास वाव दिला आहे हे खरे, परंतु तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना पाळूनच. त्या येथे पाळल्या गेल्या का, हे विचारले की ‘प्लॉट स्वस्त आहेत’ असे उत्तर मिळते, जणू स्वस्ताईने विहीर शुद्ध होते!

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. माती व पाणी तपासून तो अहवाल ग्रामसभेत वाचला जाईपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांनी येथे ले-आउटला परवानगी देऊ नये.

– एक ग्रामस्थ, जि. चंद्रपूर