चित्रकला स्पर्धेबरोबर चार रविवारही द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, नाशिक

विषय : मुलांसाठी आवारातच रस्ता सुरक्षेचा प्रत्यक्ष सराव घेण्याबाबत

महोदय,

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर ‘रस्ता सुरक्षा’ या विषयावर चित्रकला आणि घोषवाक्य स्पर्धा असल्याचं नोटीस बोर्डावर वाचलं. स्पर्धा जरूर घ्या, पण तेवढ्यावर विषय संपवू नका. सिग्नलचे तीन रंग बालवाडीतल्या मुलांनाही पाठ असतात आणि आपल्या गेटबाहेर सिग्नलच नाही. मुलांना खरा धोका आहे तो रिव्हर्स येणाऱ्या गाडीचा, बेसमेंटच्या रॅम्पचा आणि स्कूलबसमधून उतरल्यावरच्या पहिल्या दहा पावलांचा. सरावही तिथेच व्हायला हवा. मुंबई नाक्याजवळच्या ‘नाशिक फर्स्ट’ या संस्थेच्या ट्रॅफिक पार्कमध्ये मुलांना नंतर अवश्य नेऊ.

त्यासाठी चार रविवार हवेत, सकाळी साडेसात ते साडेआठ. गट तीन : ५ ते ८, ९ ते १३ आणि १४ ते १७ वर्षं. एका मोठ्या माणसामागे आठपेक्षा जास्त मुलं नकोत. सामान म्हणजे खडूचा डबा, मोजपट्टी, वाळू भरलेल्या दहा बाटल्या, एक चेंडू.

पहिला धडा उभ्या गाडीचा. व्हिजिटर पार्किंगमध्ये एखादी उंच गाडी लावायची, हँडब्रेक ओढायचा, चावी काढून वॉचमनकडे द्यायची. एक मूल बंपरला पाठ लावून खाली बसतं, दुसरं ड्रायव्हरच्या सीटवरून आरशात बघतं. बसलेल्या मुलाने एकेक पाऊल पुढे सरकत जायचं आणि डोकं दिसलं की तिथे खडूची रेघ मारायची. उंच गाडीला ही रेघ बंपरपासून तीन-चार मीटरवर येते. चेंडू उचलायला वाकलेलं मूल ड्रायव्हरला का दिसत नाही, हे मग समजावून सांगावं लागत नाही. मागचा पांढरा दिवा लागला की गाडी मागे येणार, हेही तेव्हाच दाखवायचं. कॅमेरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये : काचेवर धूळ असते आणि बाजूने धावत येणारं मूल त्यात फार उशिरा दिसतं. इलेक्ट्रिक गाडी तर आवाजही करत नाही. म्हणून कानावर विसंबायचं नाही, बघायचंच.

दुसरा धडा चेंडूचा. ड्राइव्ह-वेच्या कडेला रेघ मारायची, चेंडू पलीकडे टाकायचा आणि मुलाने रेघेवर थांबायचं. ‘थांबायचं असतं’ हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी पहिल्या फेरीत बहुतेक जण पळतात. सूचना डोक्यात असते, पाय चेंडूमागे जातात. ही सवय एका प्रात्यक्षिकाने लागत नाही, म्हणून चारही रविवारी हा खेळ घ्यायचा.

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं, कारण आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडून येते. उभ्या गाड्यांमधून निघायचं असेल तर त्यांच्या बाहेरच्या कडेशी थांबून आधी डोकावायचं. नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही, त्यामुळे त्यांना मोठ्यांचा हात धरूनच ओलांडू द्यावं. मोठ्या गटाला अंतर जमिनीवर मोजून दाखवू : ताशी ३० किमी वेगात चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सुमारे ८ मीटर जातात, कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सहाएक. म्हणजे साडेतीन गाड्यांची लांबी.

स्कूलबसबाबत चूक मुलांपेक्षा आपलीच जास्त. आई-बाबा किंवा आजोबा रस्त्याच्या पलीकडे उभे राहून हाक मारतात आणि मूल बसच्या पुढून धावत सुटतं. ओव्हरटेक करणाऱ्याला ते दिसत नाही. घ्यायला येणाऱ्याने बसच्या दाराकडच्या बाजूलाच उभं राहायचं आणि बस निघून गेल्यावर ओलांडायचं. ही सूचना पालकांच्या ग्रुपवर समितीच्या नावाने गेली तर बरं.

सायकलवाल्यांची आधी सायकल तपासू. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडल यांच्यात दोन बोटं अंतर राहायला हवं. हेल्मेट भुवईच्या दोन बोटं वर, हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जाईल इतकं घट्ट. मग दहा मीटरच्या रेघेवरून सरळ जाताना उजव्या खांद्यावरून मागे बघायचं. मान वळली की हँडलही वळतं आणि सायकल रस्त्याच्या मध्ये जाते, हीच चूक घालवायची आहे. रॅम्पवर वाळू असते, तिथे नुसता पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं.

आता चौदा ते सतरा. ‘सोसायटीच्या आतच तर चालवतो’ म्हणून स्कूटरची चावी मिळते आणि आठवड्यात ती गेटबाहेर जाते. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि आपल्या पार्किंगमधल्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या. इलेक्ट्रिक स्कूटरला हिरवी नंबर प्लेट असेल तर तिलाही लायसन लागतंच.

स्कूटरवर पुढे उभं करून नेलं जाणारं लहान मूल हा आणखी एक लाडका प्रकार. चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मागे नेताना हेल्मेट, चालकाला बांधलेला हार्नेस (मुलाला धरून ठेवणारे पट्टे) आणि वेग ताशी ४०च्या आत.

समितीकडून एवढं हवं : रॅम्पच्या तोंडाशी बहिर्वक्र आरसा, गेटलगतची मेंदी गुडघ्याएवढी छाटणे, गेटच्या दोन्ही बाजूंना पाच मीटर पार्किंग बंद. आणि चारही रविवारी सरावाच्या तासात रॅम्पवर वॉचमन, म्हणजे कोणाला गाडी काढायचीच असेल तर सराव थांबवून काढता येईल. समितीचा होकार आला की गटांच्या याद्या आम्ही करून देऊ.

आपले,
सी विंगमधील रहिवासी