वजन अडलं म्हणून जेवण सोडू नकोस

मिनिआपोलिस, मिनेसोटा
18 जानेवारी

चि. सौ. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला आणि फोन न करता मुद्दाम लिहायला बसले. फोनवर तू "जाऊ दे गं ताई" म्हणून विषय बदलतेस आणि मला सांगायचं असतं ते तसंच राहतं.

जूनपासून नऊ किलो उतरलीस, ऐंशीची एकाहत्तर झालीस. दिवाळीपासून काटा तिथेच अडलाय. आणि तेव्हापासून रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लाडू, बिस्किटं, तूप-साखर लावलेली पोळी, हाताला लागेल ते खाल्लं जातं, पोट दुखेपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून उपास. शेवटी तू लिहिलंस, "मी मुळातच हावरट आहे." हे वाक्य मला सहन झालं नाही. ते खरं नाही, आणि ते का खरं नाही हे मला माझ्या दवाखान्यातल्या कामामुळे नीट माहीत आहे.

तुझा दिवसभराचा आहार तूच लिहून पाठवलास. सकाळी कोरी कॉफी. दुपारी काकडी-टोमॅटो आणि वाटीभर मूग. भात बंद, भाकरी बंद. सात वाजता सूप, आणि पुढे काही नाही. शिवाय गुरुवार आणि एकादशी. मीनल, दोन मुलांची शाळा, बँकेतली नोकरी आणि घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईचं हे जेवण नाही. रात्री अकराला तुझ्या अंगात शिरते ती भूक आहे. दिवसभर अडवून धरलेली, साधी, खरी भूक.

मी कामाला जाते ती गाडी इथल्या विद्यापीठाच्या आवारातून जाते. तिथे पूर्वी मेमोरियल स्टेडियम होतं. 1992 मध्ये ते पाडलं, पण त्याची एक कमान माजी विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या नव्या इमारतीत जपून ठेवली आहे. त्या स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत 1944 च्या नोव्हेंबरपासून जवळजवळ वर्षभर 36 तरुण राहिले होते. दुसरं महायुद्ध चालू होतं. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून या मुलांनी बंदूक धरायला नकार दिला होता, आणि त्याऐवजी युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं जेवू घालावं हे कळावं म्हणून ते स्वतः उपाशी राहायला तयार झाले. प्रयोग करणारे शास्त्रज्ञ अँसेल कीज. आधी बारा आठवडे पोटभर जेवण, दिवसाला सुमारे 3,200 कॅलरी. मग चोवीस आठवडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, साधारण 1,570. बटाटे, सलगम, कोबी, ब्रेड, मॅकरोनी.

मीनल, 1,570 हा आकडा पुन्हा वाच. तुझ्या ॲपने तुला 1,100 दिलेत. ते पुरुष होते, आधीच सडपातळ होते आणि आठवड्याला बावीस मैल चालत होते, तेव्हा त्यांची आणि तुझी सरसकट बरोबरी मी करणार नाही. पण उपाशी मन कसं वागतं ते तिथे फार जवळून टिपलं गेलं, आणि आजही भूक आणि खाण्याच्या विकारांबद्दल बोलताना त्याच नोंदींकडे जावं लागतं. ही निरोगी, तत्त्वाला धरून राहणारी, निवडून घेतलेली मुलं होती. काही आठवड्यांत त्यांचं बोलणं फक्त खाण्याभोवती फिरायला लागलं. कधी गॅसपुढे उभं न राहिलेली मुलं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. कुणी ताट चाटायचं, कुणी जेवण पुरवावं म्हणून दोन-दोन तास घोळवत बसायचं. एक जण किराणा दुकानात काम करायचा. तिथे त्याचा ताबा सुटला आणि त्याने बिस्किटं, पिशवीभर पॉपकॉर्न आणि दोन जास्त पिकलेली केळी खाल्ली. मग त्याला इतकं अपराधी वाटलं की परत येऊन तो ओकला, आणि स्वतःलाच दोष देत बसला. शेवटी बाहेर जाताना प्रत्येकाबरोबर एक सोबती द्यावा लागला. प्रयोग संपून हवं तेवढं खायची मोकळीक मिळाली तेव्हाही काही जण पोट गच्च भरेपर्यंत खायचे आणि तरी भूक लागलीय म्हणायचे. असं बरेच दिवस चाललं.

आता सांग, ही मुलं हावरट होती का? आठवडे सरत गेले तशी ती तशी झाली, कारण शरीराला अन्न कमी पडत होतं. तुझ्या बिस्किटांच्या पुड्याकडे मी याच नजरेने बघते, आणि तूही बघावंस अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वजन अडण्याचं कारणही इथेच आहे. पहिल्या महिन्यात जे भराभर उतरलं त्यात पाणीही बरंच होतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं आणि साठा संपला की तेही जातं. नंतर शरीर हलकं झालं की त्याला चालवायलाही कमी लागतं. तेव्हा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हिशेब मांडला: उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला वीस-तीस कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र शंभरेक कॅलरींनी वाढते. तुझे नऊ किलो धर. खर्च दोनशेच्या वर कमी झाला आणि भूक नऊशेच्या आसपास वाढली. दिवाळीपासून तू एवढ्या ओढीशी रोज एकटी झुंजते आहेस आणि वर स्वतःलाच शिव्या देते आहेस.

आणि तू हे सुरू कशासाठी केलंस ते आठव. मे महिन्यातल्या तपासणीत साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली होती, बाबांना आधीपासून आहेच, म्हणून. अमेरिकेत अशाच लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढंच उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. तू अकरा टक्के उतरली आहेस! ज्यासाठी निघालीस ते तुझ्या हातात आहे. पासष्ट किलोवर यायचं, हा आकडा तुला कुणी दिला? लग्नाच्या अल्बमने. तो बाजूला ठेव. पुढचे तीन-चार महिने वजन कमी करायचंच नाही, आहे तिथे राखायचं, एवढंच ठरव.

आता रात्रीचं. उपाय रात्री करायचा नाही, सकाळी करायचा. खाण्याच्या विकारांवर ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी जी उपचारपद्धती बसवली तिचा पायाच हा आहे: ठरलेल्या वेळी जेवायचं, जागं असताना तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, आणि आदल्या रात्री काय झालं याचा सूड सकाळच्या जेवणावर काढायचा नाही. सगळ्यात अवघड हे शेवटचंच. रात्री डबा रिकामा झाला असेल तरी सकाळी आठला थालीपीठ आणि दही, किंवा दोन अंडी आणि पोळी. दुपारी डब्यात भाकरी, उसळ, भाजी, ताक. चारला बँकेत फुटाणे-शेंगदाणे आणि एखादं फळ. रात्री सगळ्यांबरोबर बसून आमटी-भात. होय, भात. आईच्या तोंडी कायम असतं ना, एकादशी अन् दुप्पट खाशी? त्यात फार मोठं शहाणपण आहे. तुझे दोन्ही उपास सध्या बंद कर. देव समजून घेईल, आणि सासूबाईंना मी स्वतः फोन करून सांगेन.

पहिले काही दिवस काटा किलो-दीड किलो वर जाईल. ते पाणी असतं. तेव्हा घाबरून पुन्हा सूपवर येऊ नकोस, सगळा घोळ तिथेच होतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी वजन कर, आणि पाळीच्या आठवड्यात करूच नकोस.

गोडाचं सांगते. तू गोड पदार्थांतली साखर पूर्ण बंद करून त्याऐवजी गूळ आणि काकवी सुरू केलीस. आपल्या कराडच्या गुळावर माझंही प्रेम आहे आणि आता गुऱ्हाळं जोरात असतील, पण शंभर ग्रॅम गुळात आणि शंभर ग्रॅम साखरेत कॅलरी जवळजवळ सारख्याच, आणि रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. गुळाचा लाडू चालतो म्हणून चार खाण्यापेक्षा आवडीचा एक खा. कधी? जेवणाच्या ताटात, दुपारी, सगळ्यांसमोर बसून. रिकाम्या पोटी नको आणि चोरून तर नकोच. एखादा पदार्थ कायमचा बंद केला की मन दिवसभर त्याच डब्याभोवती घुटमळतं. ताटात रोज त्याची जागा ठरली की काही आठवड्यांत ती ओढ पुष्कळ उतरते, मी हे दवाखान्यात सारखं बघते. तिथे येणाऱ्या सोमाली बायका त्यांच्या हल्वो या मिठाईबद्दल जे सांगतात ते ऐकताना मला वाटतं तूच बोलते आहेस.

कमी करायची तर चहातली साखर कर. पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगतेय की दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर पन्नास ग्रॅमच्या आत हवी, जमल्यास पंचवीसच्या. एकदम फिका चहा करू नकोस. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी कर, जीभ सरावते.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालणार. घरून नीट जेवून जा. तिथे एक तिळाची वडी आवडीने खा, उरलेला तिळगूळ पुडी बांधून मुलांसाठी आण. आणि साडेदहाला आडवी हो. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते. तुझी निम्मी रात्र मोबाईलवर जाते हे मला तुझ्या मेसेजच्या वेळांवरून कळतं.

आता एक गोष्ट गंभीरपणे. कमी वेळात खूप खाल्लं जाणं, आपल्याला थांबवता येत नाही असं वाटणं, लपून खाणं, नंतर स्वतःची घृणा येणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल, तर त्याला आजार म्हणतात. 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकन नियमावलीत त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तुझ्या सांगण्यावरून तू त्याच्या फार जवळ आहेस. कधी ओकून काढावंसं वाटलं, किंवा जुलाबाच्या गोळ्या घ्याव्याशा वाटल्या, तर एक दिवसही थांबू नकोस. साताऱ्याला किंवा पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि आपल्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि साखर पुन्हा तपासून घे.

अभिजितरावांना हे पत्र जरूर दाखव. रात्री तू स्वयंपाकघरात गेलीस तर त्यांनी टोकू नये, शेजारी येऊन बसावं आणि "दिवसभरात जेवलीस का?" एवढं विचारावं. आईला सांग की येता-जाता "किती झालं गं वजन?" असं विचारायचं नाही. तिचं प्रेम आहे, पण तुला ते टोचतं, आणि तू तिला कधीच सांगणार नाहीस, म्हणून मी लिहितेय.

इथे उणे वीस आहे, बाकी आम्ही मजेत. सोमवारपासून सकाळच्या नाश्त्याचा फोटो मला रोज पाठव. तुझे आठ म्हणजे माझे रात्रीचे साडेआठ, मी जागीच असते. वजनाचा आकडा मात्र पाठवू नकोस, मी विचारणारही नाही. आई-बाबांना नमस्कार, मुलांना खूप पापे.

तुझी,
ताई