अडुळसा लाइपझिगमध्ये भेटला

लाइपझिग, जर्मनी,
८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू तीनतीनदा विचारलेस, की दारात तुळस नाही, घरात काढ्याचे सामान नाही, मग एवढ्या तापात तू केलेस तरी काय? खोकल्यामुळे तेव्हा धड बोलता आले नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते. ताप उतरून पाच दिवस झाले आहेत, काळजी नसावी.

सकाळी ट्रामने धडधाकट कामावर गेलेली मी दुपारी कुडकुडत परत आले आणि संध्याकाळी थर्मामीटरने ३९.५ अंश दाखवले, म्हणजे आपल्या हिशेबाने १०३. साध्या पडशात असे होत नाही. इथले लोक खऱ्या फ्लूला ‘ग्रिपे’ म्हणतात तो हाच. डॉक्टरांनी तपासून पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि अंथरूण एवढेच सांगितले. आजार विषाणूचा असल्यामुळे अँटिबायोटिक त्यांनी दिले नाही, आणि मीही मागितले नाही.

बाकीची शुश्रूषा शेजारच्या आजींनी केली. त्यांनी लिंडनच्या वाळलेल्या फुलांचा चहा आणून दिला. या शहराचे नावच लिंडनच्या झाडांवरून पडले असे इथे सांगतात, त्यामुळे त्या चहाचा आजींना जरा जास्तच अभिमान आहे. फुलांवर उकळते पाणी ओतायचे, दहा मिनिटे झाकून ठेवायचे आणि गरम असतानाच पिऊन पांघरुणात शिरायचे, म्हणजे घाम येतो. तुझ्या गवती चहाचेही काम हेच. फक्त याला आल्याचा झटका नाही.

दुसरा उपाय पाहून मात्र मी चकित झाले. तू कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतेस, तशा इथे पोटऱ्यांना गुंडाळतात. कोमट पाण्यात सुती फडकी भिजवून घट्ट पिळायची, घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत गुंडाळायची आणि वरून कोरडा टॉवेल बांधायचा. दहा मिनिटांनी ती गरम झाली की काढून पुन्हा भिजवायची. आजी आधी माझी पावले हाताने चाचपून बघत. पावले गार असतील किंवा हुडहुडी भरली असेल, तर त्या फडक्यांना हातही लावू देत नसत. (ज्या शहरावरून कोलन वॉटरला नाव मिळाले ते याच देशात आहे, पण तापात त्याच्या घड्या ठेवतात हे आजींना माझ्याकडूनच कळले.)

आता खरी गंमत सांगते. चौथ्या दिवशी कफ सुटेना, म्हणून औषधांच्या दुकानातून खोकल्याचे औषध आणले. बाटलीवर अँब्रॉक्सॉल लिहिलेले होते. पडल्या पडल्या त्याची माहिती वाचत गेले, तर ते निघाले ब्रोमहेक्सिन या कफाच्या औषधापासून, आणि ब्रोमहेक्सिन रसायनशास्त्रज्ञांनी घडवले ते वासिसिन या द्रव्याच्या नमुन्यावर. हे वासिसिन कशात असते? आपल्या कुंपणाच्या अडुळशात! लहानपणी ज्या कडू रसाला भिऊन मी माळ्यावर लपत असे, त्याचाच हा दूरचा नातेवाईक येथे मी निमूटपणे पैसे मोजून विकत घेतला.

पण म्हणूनच एक गोष्ट कळकळीने लिहिते. जी पाने औषधाचा गुण देतात, ती औषधासारखा अपायही करू शकतात. अडुळशामुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते, तेव्हा वहिनीला दिवस आहेत तोवर तो रस तिला मुळीच देऊ नकोस. तुझ्या काढ्यातला ज्येष्ठमध घशाला फार चांगला, परंतु तो रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. बाबांच्या वाट्याचा काढा त्याविना कर. सुंठ, मिरी, तुळस, दालचिनी नेहमीसारखी चहात घालण्याइतकी असेल तर हरकत नाही. बाळाला वर्ष पूर्ण होईपर्यंत मध बोटभरही चाटवायचा नाही, हे आत्याबाईंना तूच सांग, माझे त्या ऐकणार नाहीत. आणि चिंटूला वाफ देताना उकळत्या पाण्याचे पातेले त्याच्या मांडीशी ठेवू नकोस. वाफेने नाक मोकळे वाटते खरे, पण त्याने आजार लवकर बरा होत नाही, आणि पाणी सांडले तर पोळल्याचे दुखणे फ्लूहून मोठे.

खरे सांगायचे, तर फ्लूच्या विषाणूला यातले काहीच मारत नाही. ताप तीन-चार दिवसांनी आपल्या वेळेनेच उतरला, खोकला अजून रेंगाळतो आहे. मधल्या रात्री मात्र त्या चहाने, मिठाच्या गुळण्यांनी आणि झोपण्यापूर्वीच्या चमचाभर मधाने सुसह्य झाल्या. बाबांना ताप आला तर काढ्यावर दिवस घालवू नका. त्यांच्या वयात पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांकडे गेल्यास विषाणूवरच्या गोळीचा अधिक उपयोग होतो. दम लागला, छातीत दुखले किंवा उतरलेला ताप उलटला, तर रात्र असली तरी थांबू नका.

तोंडाला चव आल्यावर पहिली आठवण झाली ती तुझ्या मऊ भाताची. आजींचे कोंबडीचे सूप चांगले होते, पण मेतकूट ते मेतकूट. दादा मार्चमध्ये येणार आहे, त्याच्याबरोबर मेतकूट आणि थोडी सुंठ पाठव. अडुळशाची ताजी पाने मात्र पिशवीत कोंबू नकोस. ताजी पाने प्रमाणपत्राशिवाय येथे आणता येत नाहीत आणि विमानतळावर तो गोंधळून जाईल.

बाबांना साष्टांग नमस्कार, चिंटूला गोड पापा.

तुझी,
लेक