बनारसमध्ये नदीकाठची खोली कुणासाठी?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ‘कुठूनही काम’ करणाऱ्यांना बनारसची शिफारस केली आहे. शहराबद्दल वाद नाही. पण ‘खिडकीतून गंगा दिसेल अशीच खोली घ्या’ हा सल्ला सुट्टीवर आलेल्याला ठीक. पोटापाण्याचे काम सोबत घेऊन येणाऱ्याला तो महागात पडेल. मी नाशिकची. अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिले तपासण्याचे काम घरून करते आणि थंडीत काही आठवडे तेच काशीत बसून करते, म्हणून लिहिते आहे.

बनारसचे घाट पश्चिम काठावर आहेत आणि त्यांची तोंडे पूर्वेला. सकाळचे ऊन थेट खोलीत येते, लॅपटॉपवरचे अक्षर दिसत नाही. पडदा ओढला की गंगा गेली, भाडे मात्र गंगेचेच! दिवेलागणीला माझे कॉल सुरू होतात, नेमकी तेव्हाच दशाश्वमेधावर आरती. ती बघावीच, पण त्या शंख-घंटा आणि कर्ण्यांपुढे हेडफोनचे काही चालत नाही. अस्सी घाटावर पहाटेच आरती आणि गाणे सुरू होते. रात्रपाळी करून झोपणाऱ्याने तिथे अगदी घाटाला लागून राहू नये.

मराठी माणसाचा ओढा पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडे. तिथल्या गल्ल्यांत अजून मराठी कानावर पडते. पैठणला हाती घेतलेली भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका नाथांनी १५७३ मध्ये काशीतच पुरी केली. तेही घरापासून लांब बसून केलेले कामच म्हणायचे, पण नाथांना राउटर लागत नव्हता. जुन्या घरांच्या दगडी भिंती अशा जाड की तळमजल्यावर मोबाइलला रेंज येईलच असे नाही. रिक्षा मैदागिनच्या आसपास सोडते. पुढे गल्ल्या, गायी, पायऱ्या आणि आपली बॅग. माकडांचा उपद्रव वेगळाच. घाटाजवळच्या ऑप्टिकल फायबरच्या तारा त्यांनी कुरतडल्याच्या बातम्या २०१५ साली छापून आल्या होत्या. तेव्हा इंटरनेटचा वेग विचारण्याआधी गच्चीला जाळी आहे का ते विचारावे.

पुरवणीत पावसाळ्याचा उल्लेखच नाही, हे मला सर्वांत खटकले. बनारसला गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. अलीकडच्या वर्षांतही धोक्याची रेषा ओलांडली गेली आहे. त्याच्या बऱ्याच आधी घाटाघाटांतली पायवाट पाण्याखाली जाते, होड्या बंद होतात, आरती गच्चीवर न्यावी लागते. नगवा, सामनेघाट या भागांत खोल्या स्वस्त दिसतात, पण पाणी तिथल्या वस्तीत शिरते. ऑगस्टमध्ये राहायला जाणाऱ्याला हे कुणी सांगायचे?

माझी पसंती रवींद्रपुरी-भेलूपूरच्या बाजूला. दिसायला अगदी साधा भाग, फोटो काढावा असे काही नाही. पण दारात रिक्षा येते, किराणा जवळ, अस्सी चालत गाठता येते. लंका हा भाग बनारस हिंदू विद्यापीठाच्या दरवाजाशीच असल्याने तिथे खाणावळी, झेरॉक्स, महिन्याच्या भाड्याच्या खोल्या भरपूर. फक्त मुख्य रस्त्यावरची खोली टाळावी, हॉर्न थांबत नाहीत. राउटर इन्व्हर्टरवर आहे का, हे मालकाला मेन स्विच बंद करून दाखवायला सांगावे. देवदिवाळीच्या आठवड्यात भाडे वाढणार का, हेही आधीच बोलून घ्यावे. काशीची सर्वांत महाग रात्र तीच.

हॉटेलच्या नावापुढे घाटापासूनचे अंतर आपण छापलेच आहे. पुढच्या वेळी रिक्षा कुठपर्यंत येते आणि पुरात तो रस्ता चालू राहतो का, एवढे दोन रकाने वाढवावेत.

– एक वाचक, नाशिक