सुप्रा शेवटी लाइनीवरून सुटली

प्रिय पंक्या,

काय करून राह्यला भो? रिप्लाय देत नाही म्हणून ग्रुपवर शिव्या घातल्या त्या सगळ्या वाचल्या, पण एवढं सगळं अंगठ्याने टाइप करणं काही जमलं नसतं म्हणून हे लांबलचक पत्र, रात्री पुण्याच्या रूमवर निवांत वाच. इकडे फैजपूरला ऊन असं की दुपारी केळीच्या बागेत पाऊल ठेववत नाही, मग मी, पुतण्या आणि कूलर, तिघं गेमसमोर.

तर बातमी अशी की फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या गेममधली आपली १९९८ ची टोयोटा सुप्रा, जिला तू धूर काढायचं मशीन म्हणायचा, ती आता खरंच पळते.

आधी काय केलं होतं, होते तेवढे क्रेडिट इंजिनात ओतले. मोठा टर्बो, कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट, जे महाग दिसलं ते टाकलं. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेत पळायच्या शर्यतीच्या पट्ट्यावर उभा राहिलो, रेस दिली आणि गाडी जागेवरच, मागची चाकं नुसती गरगर, आईने आतून विचारलं काय रे काय बिघडलं टीव्हीचं. तोवर पुतण्याची गोल्फ, माझ्या निम्म्या ताकदीची पण चारही चाकं ओढणारी, पुढे निघून गेली आणि कार्टं वळून बघतंय माझ्याकडे. बारा वर्षांचं पोर आहे बे ते!

डोकं चाललं ते ट्रॅक्टरमुळे. मागच्या अवकाळीत आपला ट्रॅक्टर नाल्याकाठच्या काळ्या रानात फसला, मी आपला रेस देत बसलो आणि चाक अजून खाली. दादा ओरडला, रेस काय देतो, आधी हवा कमी कर, टायर बसू दे जमिनीवर. मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरलेलं असतंच, त्यात हवा थोडी सोडली, हळू क्लच सोडला, निघाला बाहेर. त्या रात्री गेममधलं सुप्राचं ट्यूनिंग, म्हणजे गाडीची सेटिंग, उघडलं आणि इंजिनाला हातच लावला नाही.

ड्रॅगचे टायर घातले, मागचे होतील तेवढे रुंद. मागची हवा पार १५ पीएसआयवर आणली, पुढची मात्र भरपूर, कारण पुढच्या चाकांनी या गाडीत फक्त लोळायचं. कॅम्बर, म्हणजे चाकाचा तिरपेपणा, शून्य, म्हणजे टायर रस्त्यावर सपाट बसतो, वळायचंय कुठे आपल्याला. दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल, त्याचं ॲक्सिलरेशन १०० टक्के, दोन्ही मागची चाकं एकदमच फिरली पाहिजेत. पुढच्या सस्पेन्शनचा रिबाउंड, म्हणजे दबलेलं परत वर येताना होणारा अडसर, सैल केला, म्हणजे सुटताना नाक वर उठतं आणि वजन मागच्या चाकांवर जाऊन बसतं, हे झालं आपलं टायरातलं पाणी. मागचा तो मोठा विंग काढून फेकला, दिसायला भारी होता पण सरळ पळायला नुसतं ओझं.

खरा वेळ खाल्ला गिअरनी. पहिला गिअर आखूड होता म्हणून चाक लगेच सुटायचं, तो लांब केला. मग फायनल ड्राइव्ह, म्हणजे सगळे गिअर एकदमच आखूड-लांब करणारी सेटिंग. आधी शेवटची लाइन वीसेक मीटरवर आली की अजून एक गिअर टाकावा लागायचा, म्हणजे ती शिफ्ट फुकटच की. एकेक पॉइंट सरकवत, प्रत्येक वेळी पळवून बघत, शेवटी असं जमलं की लाइन ओलांडताना सुई बरोबर रेडलाइनला, इंजिनाच्या फिरण्याच्या शेवटच्या हद्दीला, टेकते. बत्तीसावी रन असेल ती, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. ट्यून सेव्ह केलेलं नव्हतं. पुढचं काही लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आठवून आठवून परत बसवलं. पुतण्या मोबाइलचं स्टॉपवॉच धरून बसला, आधी १२.४ सेकंद लागायचे, आता ९.६. त्याचं बोट मागेपुढे होतं मान्य आहे, पण एवढं नाही होत. आणि बघ, शेवटचा स्पीड जवळपास तेवढाच आहे, सगळा फरक सुटतानाच पडला. खऱ्या ड्रॅगमध्ये पाव मैल म्हणजे ४०२ मीटर पळतात, तरी पहिल्या ६० फुटांचा टाइम वेगळा काढतात तो काय उगाच नाही. शंकरपटात नाही का, जोडी कितीही तगडी असू दे, सुटताना एक बैल आडवा झाला की घड्याळ गेलंच.

तू म्हणशील सरळ ऑल व्हील ड्राइव्ह स्वॅप मार की, चारही चाकं ओढतील. मारता येतो, सुटते पण छान, पण वजन वाढतं आणि मला विचारशील तर मग सुप्रात सुप्रा काय राहिली? चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल पण बंदच ठेवलंय. मॅन्युअल विथ क्लचवर ये, ऑटोमॅटिकवाल्याशी मी शर्यत लावत नाही.

ट्यून शेअर केलंय, कोड ग्रुपवर टाकतो, पण आधी स्वतःचं बनव, मग लावू. आणि आखाजीला येशील तेव्हा तुझा कंट्रोलर घेऊन ये, माझ्या एकाचं बटण अडकतं आणि ते मी नेहमी पुतण्याला देतो हे त्याला अजून कळलेलं नाही.

तुझाच,
बाळ्या