टाळू फुगली तर गॅस समजू नका

संपादक महोदय,

बहिणीचं बाळ 20 दिवसांचं, दूध ओढेना, नुसतं कण्हायचं, टाळू बघितली तर फुगलेली, आणि आम्ही आपले गॅस झाला असेल म्हणत बसलो. पाठीतलं पाणी तपासलं तर मेंदूज्वर, जंतू क्लेबसिएला, तोही नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारा. डॉक्टर म्हणाले रक्तातून मेंदूत बरीच औषधं मुळातच कमी पोचतात, कोलिस्टिन (बाकीची औषधं चालेनाशी झाली की वापरायचं अँटिबायोटिक) तर फारच कमी, म्हणून कधीकधी ते थेट मेंदूतल्या पाण्यात सोडावं लागतं. हिब आणि न्यूमोकोकल या मेंदूज्वराच्या दुसऱ्या जंतूंवरची लस या जंतूला चालत नाही (ती तरीही द्यायचीच). आणि आपण व्हायरसच्या सर्दीला उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या खातो, त्यानेही असे न जुमानणारे जंतू वाढतात! बाळ वाचलं, पण मेंदूज्वराने ऐकू येणं कमी होऊ शकतं म्हणून करायची कानाची तपासणी अजून बाकी आहे.

- एक मामा