काका, त्या लाकडी ठोकळ्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आभार मानू देत नाही. शेवटच्या मुक्कामावर कुणी बोलायला आलं, की तुम्ही वंगणाचा डबा उचलून पुढच्या गाडीकडे जायचात. म्हणून आम्ही सगळे पालक आणि स्वयंसेवक हे उघड पत्र लिहितो आहोत. तुमच्या गावाकडच्या माणसांनाही कळू दे की त्यांच्यातल्या एकाने इथे अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर काय केलं.

त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. १८५६ ते १८६० या काळात लॅटर-डे सेंट्स, म्हणजे जग ज्यांना मॉर्मन म्हणतं त्या पंथाची जवळपास तीन हजार माणसं हातगाड्या ओढत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आली. बैल आणि मोठी गाडी घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. पहिले तांडे आयोवा सिटीपर्यंत रेल्वेने आले आणि तिथून सुमारे २,१०० किलोमीटर चालले. पाच माणसांमागे साधारण एक गाडी, आणि मोठ्या माणसाला सामान फक्त १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आत. एकूण दहा तांड्यांपैकी १८५६ मधले विली आणि मार्टिन यांचे दोन तांडे फार उशिरा निघाले. ऑक्टोबरच्या बर्फाने त्यांना वायोमिंगमध्ये, नॉर्थ प्लॅट आणि स्वीटवॉटर या नद्यांच्या आसपास गाठलं आणि दोन्ही तांड्यांतली मिळून दोनशेहून जास्त माणसं दगावली. आता चर्चचे युवा गट, साधारण १४ ते १८ वयाची मुलंमुली, जुन्या धाटणीचे कपडे घालून त्या वाटेचा काही भाग गाड्या ओढत चालतात. आठ-दहा मुलांचं एक ‘कुटुंब’ करतात, त्याला एक ‘मा’ आणि एक ‘पा’ देतात, आणि बहुधा तीन दिवस चालतात. यालाच ट्रेक म्हणतात.

त्या दोन तांड्यांचा घात नुसत्या बर्फाने केला नाही. गाड्या घाईघाईत ओल्या लाकडाच्या केल्या होत्या. माळावरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं, आरे खिळखिळे झाले, लाकडी आसात वाळू जाऊन तो झिजला. माणसांनी बुटांचं चामडं कापून आसाला गुंडाळलं, खायचं डुकराचं मांस आणि साबण वंगण म्हणून वापरला. वाटेतल्या नेब्रास्कामधल्या फ्लॉरेन्स गावात त्याच गाड्यांवर पिठाचं जवळजवळ शंभर पौंडांचं एकेक पोतं वाढवलं होतं. विलींच्या तांड्यातल्या लेव्हाय सॅव्हेज या माणसाने तिथेच सांगितलं होतं की इतक्या उशिरा पुढे जाऊ नका. त्याचं ऐकलं नाही, तरीही तो सोबत चालत राहिला.

हे सगळं ठाऊक असूनही आधीच्या ट्रेकला ज्यांनी गाड्या पुरवल्या, त्यांनी वर्षभर उघड्यावर पडलेल्या गाड्या तशाच आणून उभ्या केल्या. जुन्या, वाळूने भरलेल्या वंगणावरच नवीन वंगण थापलेलं. आसावर ते वंगण नसतं, ती घासपट्टी असते. चाकं करकरायला लागली, तेव्हा ‘पूर्वजांनाही त्रास झालाच होता’ असं उत्तर मिळालं. हा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवायचं कारणही नाही. पूर्वजांना जे भोगावं लागलं ते मुलांना समजावं म्हणून ट्रेक असतो. वाईट गाडी मुलांच्या हातात देण्यासाठी तो नसतो.

तुम्ही चर्चचे सभासद नाही. तरी निघायच्या आधी आलात आणि प्रत्येक गाडी एका बाजूने उचलून चाक मोकळं फिरवून पाहिलंत. धावेला, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्टीला, वरून धरून आत-बाहेर हलवलंत, तुंबा (चाकाचा मधला भाग) आसावर किती खेळतो ते पाहायला. एकेका आऱ्यावर लाकडी हातोडीने टकटक केलंत. घट्ट आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बद्द. धाव आणि लाकडी घेर यांच्यामध्ये चाकूचं पातं शिरलं, की ते चाक बाजूला. सैल चाकं रात्रभर पाण्याच्या टाकीत ठेवली की लाकूड फुगून धाव घट्ट बसते, पण वायोमिंगच्या हवेत ते एक-दोन दिवसांत पुन्हा सुकतं. म्हणून तुम्ही अशी चाकं हलक्या गाड्यांना लावलीत, घेराला पातळ पाचरी मारल्यात आणि ‘परत गेल्यावर धाव कापून, तापवून चढवायलाच हवी’ असं खडूने त्यांच्यावर लिहून ठेवलंत. जुनं वंगण रॉकेलच्या बोळ्याने पुसून मगच नवीन भरलंत. प्रत्येक आसाची खीळ बदललीत आणि जुनी खीळ जपून सुट्ट्या भागांच्या डब्यात टाकलीत, कारण वाटेत खीळ हरवते आणि तेव्हा वाकडी खीळसुद्धा चाक वाचवते.

भरण्याचंही तसंच. प्रत्येकाच्या सामानाची १९ लिटरची बादली असते, बसायलाही तीच. पाण्याचे कॅन आसाच्या बरोबर वर, बादल्या त्यांच्यापुढे, झोपायच्या पिशव्या मागे. मागे जड झालं की ओढायची दांडी वर उचलली जाते आणि पुढच्या मुलांची अर्धी ताकद ती खाली दाबण्यात जाते. मुलींच्या घागऱ्यांची कड बुटाच्या वर राहील इतकी दुमडून घेतलीत, कारण चाकाशेजारी चालताना तीच आऱ्यात अडकते. आणि लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू घालून सरबत केलंत. उन्हात घामावाटे मीठही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलेल्या मुलाचं डोकं दुखायला लागतं, उलट्या होतात, आणि लोक त्याला आणखी पाणी पाजतात.

पण हे पत्र त्या ठोकळ्यासाठी आहे.

ज्या मुलाला दमा आहे, त्याला आधीच्या ट्रेकला ‘सुरक्षितता’ म्हणून मदतीच्या मोटारीत बसवलं होतं. जे ठरवत होते त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण त्याच्या कुटुंबातली मुलं गाडी ओढत होती आणि तो काचेतून पाहत होता. या वेळीही कुणीतरी तेच सुचवलं. तुम्ही वाद घातला नाहीत. चार इंच जाडीच्या लाकडाचा साधारण फूटभर लांब तुकडा घेतलात, तिरपा कापून पाचर केलीत, मागच्या बाजूला भोक पाडून मीटरभर दोरी ओवलीत आणि ती त्याच्या हातात दिलीत.

ज्यांनी कधी चढावर गाडी ओढली नाही त्यांना यातलं शहाणपण लगेच दिसणार नाही. चढावर थांबायचं तर कुणीतरी मागच्या बाजूने चाक अडवावं लागतं, नाहीतर ओढणाऱ्यांची सगळी ताकद गाडी नुसती धरून ठेवण्यात जाते आणि विसावा मिळतच नाही. ठोकळा धरणारा चाकाच्या थेट मागे कधीच चालत नाही. तो बाजूने चालतो आणि दोरीने ठोकळा चाकाखाली सरकवतो, म्हणजे बोटं चाकाजवळ जात नाहीत. ठोकळा बसल्याशिवाय पुढच्यांनी दांडी सैल सोडायची नाही. थोडक्यात, गाडी कधी थांबणार हे ठोकळेवाला ठरवतो.

आणि तुम्ही नेमकं तेच त्याला दिलंत. तुम्ही सगळ्या कुटुंबाला सांगितलंत, याने हात वर केला की थांबायचं. हाक नाही, हात. कारण धाप लागलेल्या माणसाला ओरडता येत नाही. त्याची गाडी रांगेत सर्वात पुढे घेतलीत, कारण मागच्या गाड्यांना पुढच्यांची सगळी धूळ खावी लागते आणि धुळीनेच त्याचा श्वास अडकतो. इनहेलर बादलीतून काढून त्याच्या खिशात ठेवायला लावलात. रॉकी रिजचा माथा २,२०० मीटरच्या आसपास आहे आणि तिथली वाट म्हणजे नुसते उघडे पडलेले खडक. तिथे संपूर्ण रांग त्या मुलाच्या दमाने चढली. दर थोड्या अंतरावर हात वर, ठोकळा चाकाखाली, सगळ्यांना श्वास. मागच्या गाड्यांतली धट्टीकट्टी मुलंसुद्धा त्यामुळे कमी थकली. त्याला कुणी ‘बिचारा’ म्हटलं नाही, कारण तो काम करत होता आणि ते काम नसतं तर गाडी चढली नसती.

त्याच्या आईला काय वाटलं ते ती स्वतः तुम्हाला सांगेल. आम्हाला इतकंच म्हणायचं आहे की त्याच्यावर दया केली जाते आहे असं तुम्ही त्याला क्षणभरही वाटू दिलं नाहीत. वारीत अनोळखी माणसाचे पाय चेपून देणारे लोक असतात. देतात आणि नाव न सांगता पुढच्याकडे वळतात. तुमच्यात ते तिथूनच आलं असावं.

१८५६ च्या त्या ऑक्टोबरात सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या निघाल्या, तेव्हा रेडिक ऑलरेड नावाच्या माणसाला साउथ पास या खिंडीजवळ धान्य आणि जनावरांसह थांबायला सांगितलं होतं. बर्फ इतका पडला की मागून आलेले काहीजण, तांडे आता येत नाहीत असं समजून परत फिरले आणि त्यालाही ‘चल’ म्हणाले. तो हलला नाही. म्हणून गोठलेली माणसं पोचली तेव्हा तिथे पीठ आणि मांस होतं. या सगळ्या इतिहासातून मुलांनी एक माणूस घ्यायचा तर तो घ्यावा, असं आम्हाला वाटतं. आमच्या मुलांनी तसाच एक यंदा चालताबोलता पाहिला.

गाड्या आता छपराखाली आहेत. तुम्ही खडूने खुणा केलेली चाकं लोहाराकडे गेली आहेत. प्रत्येक गाडीच्या यादीत ‘ठोकळा, दोरीसह’ अशी ओळ आली आहे, पण आम्ही कापलेले दोन ठोकळे फार सपाट झालेत आणि चाक त्यांच्यावर चढतं. उतार किती ठेवायचा ते येऊन दाखवा. येताना काकूंनाही आणा, जेवायलाच या.

तुमचे,
ट्रेकचे सगळे पालक आणि स्वयंसेवक